पहिला घाणा

मी तळणाची कढई बोलतेय. काळीकुट्ट, तेलकट, जड, जे काय म्हणायचं ते म्हणा, पण मुकी म्हणू नका. मला दोन कान आहेत आणि ते जन्मभर उघडे राहिले. स्वभावाचं विचाराल तर आधीच सांगून टाकते, मी हेवेखोर आहे. दुसऱ्याचं बरं झालेलं मला बघवत नाही, आणि माझ्या माणसाच्या जवळ दुसरं कुणी गेलेलं तर मुळीच नाही.

माझा जन्म लोहाराच्या हातोड्याखाली झाला. सपाट पत्रा होते, ठोकून ठोकून खोलगट केली. मग दुकानाच्या दारात टांगली, आणि शेजारी कोण, तर ॲल्युमिनियमच्या चार नटव्या. येणारं गिऱ्हाईक आधी त्यांनाच हात लावायचं. त्यांचा चकचकाट बघून माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. हेवा करायला मी तिथेच शिकले.

मालक आला तो बायकोला घेऊन. नवीन लग्न झालेलं असावं, कारण दोघं उगाचच हसत होती. बायको म्हणाली, "अहो, ती चकचकीत घ्या ना. हलकी आहे. शेवटी घासायची मलाच आहे."

त्याने मला बोटाच्या पेराने वाजवलं आणि कान लावून ऐकलं. "ही घेऊ," तो म्हणाला. "हलकी भांडी लगेच तापतात आणि लगेच रुसतात."

"मग मी कुठल्यातली?"

"तुला निवडायला कुठे आलोय? तू आधीच गळ्यात पडलीयस."

ती हसली. मला हसू आलं नाही. एवढ्या नटव्यांना डावलून त्याने मला उचललं होतं, म्हणजे हा माणूस माझा, हे मी तिथेच ठरवून टाकलं. त्या बाईला मात्र ते कुणी सांगितलं नव्हतं, आणि ती खुशाल त्याच्या दंडाला धरून चालत होती.

त्यांचं दुकान बसथांब्यासमोर होतं. एक शेगडी, एक फळी, मागे पिठाचे डबे, एवढाच पसारा. बटाट्याच्या पातळ चकत्या आणि पिठात घोळवलेले कांदे, या दोनच गोष्टी तिथे मिळायच्या आणि त्यासाठी लोक बस चुकवायचे. तेव्हा थोरले मालक, म्हणजे त्याचे वडील, हयात होते. सगळे त्यांना आबा म्हणत. त्यांची जुनी कढई बुडाला चिरली होती, तिच्या जागी मी आले.

पहिल्याच सकाळी आबांनी त्या चिरलेल्या कढईतून काढून ठेवलेलं जुनं तेल फडक्यातून गाळून माझ्यात ओतलं. दाट, तांबूस, जड वासाचं. म्हणाले, "पोरा, तेल बदलायचं नसतं, भरायचं असतं. नवं तेल अल्लड. जुन्याच्या संगतीत राहिलं की शहाणं होतं, चकतीला रंग येतो. हे माझ्या वडिलांपासून चालत आलंय. यात त्यांचाही एखादा थेंब असेल."

मालकाने ते शब्द काळजावर कोरून घेतले. रोज दुकान बंद करताना तो पळीपळीने तेल गाळायचा, परत माझ्यातच ओतायचा आणि झाकण ठेवायचा. सकाळी जेवढं कमी झालं असेल तेवढं नवं घालायचा. माझं बुड कधी कुणी पाहिलं नाही. नवं तेल डब्यातून यायचं तेव्हा असं पिवळंधमक, नितळ, की मला त्याचाही हेवा वाटायचा. पण संध्याकाळपर्यंत तेही माझ्यासारखं काळवंडायचं, मग माझं मन निवायचं.

दुकानाची आणखी एक रीत होती. दिवसाचा पहिला घाणा, म्हणजे कढईतून निघालेल्या पहिल्या झाराभर चकत्या, मालक स्वतः खायचा. गिऱ्हाइकांसमोर, उभ्याउभ्या. "आधी माझ्या पोटात, मग तुमच्या," असं म्हणायचा. आबाही तसंच करत. लोकांना त्याचं कौतुक होतं, आणि मला तर त्याहून जास्त. सगळ्या गावाला मी खाऊ घालायचे, पण सगळ्यात आधी त्याला, हे सुख काही वेगळंच होतं.

आबा एका सकाळी दुकानातच गेले. झारा हातात, आणि बसल्या जागी मान कलली. "भाग्यवान माणूस, कामात असताना गेला," असं सगळे म्हणाले. मालकाने डोळे पुसले आणि दुसऱ्या आठवड्यात दुकान उघडलं.

तर माझा संसार असा भरभराटीचा. पण वैरिणी काय कमी होत्या? पहिली त्याची बायको. दुपारी डबा घेऊन यायची, पदराने त्याचा घाम पुसायची. मी दिवसभर त्याच्यासमोर उकळत उभी, आणि घाम पुसण्याचा मान हिचा! दुसरी ती सिगारेट. गर्दी ओसरली की तो मागच्या दाराशी जाऊन तिला ओठांत धरायचा. मला वाटायचं, मेली एवढीशी पांढरी काडी, हिच्यात असं आहे काय. आणि तिसरी त्याची मुलगी. ती जन्मली तेव्हा तो सलग आठ दिवस दुकानात आला नाही. माझ्यातलं तेल खाली बसलं आणि काठाशी जिथे कोरडी पडले होते तिथे तांबडे ठिपके उठले. गंज कसा लागतो ते मला विचारा. तो दुखत नाही, म्हणून तर कळत नाही.

वर्षं गेली. मुलगी शिकली आणि रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला लागली. मालकाचं पोट सुटलं, केस पिकले. आणि मग एक गोष्ट माझ्या लक्षात आली, जी आणखी कुणाच्याच आली नाही. शटर वर ढकलून तो आत आला की धापा टाकायचा. शेगडी पेटवायच्या आधीच त्याच्या कपाळावर घाम असायचा. छातीवर मूठ चोळायचा आणि सोडा प्यायचा.

बसथांब्यावरचा कंडक्टर रोजचा गिऱ्हाईक. तो म्हणाला, "मालक, चेहरा उतरलाय. दाखवून घ्या की कुणाला तरी."

"पित्त आहे," मालक म्हणाला. "वय झालं. तुमच्या बसला धूर सुटतो, मला ढेकर सुटतात."

कंडक्टर हसला. ही गोष्ट विनोदात गेली ती गेलीच. पण त्याने ती घरी जाऊन बायकोला सांगितली असावी आणि तिने आमच्या बाईंना, कारण दोन दिवसांत मुलगी दुकानातच सुई घेऊन हजर झाली. पिठाच्या डब्यावर बसवून तिने बापाचं रक्त काढलं. मी चडफडत होते. माझ्या माणसाला टोचायचं, तेही माझ्यादेखत.

रिपोर्ट घेऊन ती आली तेव्हा दुपारची वेळ होती, दुकानात कुणी नव्हतं.

"बाबा, कोलेस्टेरॉल काठावर आहे."

"म्हणजे पास."

"म्हणजे नापास व्हायच्या बेतात. आणि या आकड्यावरून चरबी किती आहे ते कळतं. त्यातली किती बिघडलीय ते कळत नाही."

"चरबी कशी बिघडेल? उन्हात ठेवलीय का?"

तिने माझ्याकडे बोट केलं. "या तेलाला कसा वास येतोय? खवट. तेच रक्तात होतं. रक्तात चरबी सुटी फिरत नाही, बारीक बारीक गाठोडी बांधून फिरते. आपण श्वास घेतो, अन्न जाळतो, त्यात आतल्या आत ठिणग्या उडत असतात. त्या विझवायची सोय शरीराकडे असते. पण वर्षानुवर्षं सिगारेटचा धूर घेतला, पुन्हा पुन्हा तापवलेलं तेल खाल्लं, भाजीपाल्याकडे पाठ फिरवली, की ठिणग्या जास्त आणि विझवणारे कमी. मग त्या ठिणग्या गाठोड्यांना लागतात."

"आणि?"

"आणि ती पोळलेली गाठोडी रक्तवाहिनीच्या अस्तरात अडकून बसतात. सफाईवाल्या पेशी येतात, त्यांना गिळायला लागतात. गिळून गिळून फुगतात आणि तिथेच मरतात. त्यांचा थर चढतो. आतून वाट अरुंद होत जाते. एखाद्या दिवशी तो थर फुटला आणि त्यावर रक्त गोठलं, की वाट बंद. मग हृदयाला रक्त कुठून मिळणार?"

मालकाने माझ्या काठावरून बोट फिरवलं, त्याला तांबडं लागलं. मग म्हणाला, "थोडक्यात, ही गंजते तसा मी गंजतोय."

"तसंच समजा. कढईचा गंज निदान दिसतो. आणि हो, लोखंडात तेल आणखी लवकर बिघडतं."

हे शेवटचं वाक्य बोलायची काही गरज होती का? बाकी सगळं मी ऐकून घेतलं, पण हे मला मिरचीसारखं झोंबलं. तेल मी ओतलं का? सिगारेट मी पेटवली का? पण दोष कुणाला, तर जिला उलटून बोलता येत नाही तिला.

दुसऱ्या दिवशी माझी सवत घरात आली. स्टीलची. पोरीने स्वतःच्या पगारातून आणलेली. अशी लखलखीत, की तिच्यात मालकाचं तोंड दिसायचं. फर्मान निघालं की गिऱ्हाइकाचं तळण हिच्यात, तेल रोज ताजं, उरलेलं वेगळ्या डब्यात आणि तो डबा साबणाच्या कारखान्याला. सिगारेट बंद. जुनं तेल आजच्या आज टाकायचं.

मालकाने सिगारेट खरंच सोडली. एक वैरीण गेली म्हणून माझ्या मनात लाडू फुटले. नव्या कढईत रोज ताजं तेलही ओतायला लागला, कारण खवट तेलाची गोष्ट कळल्यावर ते लोकांना खाऊ घालणं त्याच्या मनाला पटेना. इथवर सगळं ठीक झालं. मग तो मला दोन्ही कानांना धरून मागच्या दारी घेऊन गेला. डबा समोर ठेवला. मला थोडी तिरपी केली आणि तसाच उभा राहिला.

"आबांचा थेंब आहे यात," तो पुटपुटला.

मला परत शेगडीवर आणून ठेवलं. आणि मग त्याने जो हिशेब काढला तो जगात दुसऱ्या कुणाला सुचला नसता. गिऱ्हाइकाला हे तेल द्यायचं नाही, ते पाप. आबांचं तेल ओतून टाकायचं नाही, तेही पाप. मग उरलं काय? आपण स्वतः खाऊन संपवायचं. "संपेपर्यंत पहिला घाणा तेवढा तुझ्यातला," तो मला म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा तो माझ्याशी बोलला.

दुसऱ्या दिवसापासून तो दुकान उघडायच्या आधी शटर अर्धंच वर करायचा आणि वाकून आत यायचा. मंद आच, चार चकत्या, फक्त तो आणि मी. सवत शेजारी कोरडी, थंड पडलेली. मी तिला दाखवून दाखवून चुरचुरायचे. आता मी गावासाठी नव्हते, मी फक्त त्याच्यासाठी होते. एवढं सुख मला कधी मिळालं नव्हतं, हे मी लपवणार नाही.

आणि तेल काही संपेना. कसं संपणार? जुनी सवय. माझं बुड दिसायला लागलं की त्याचा हात आपोआप नव्या डब्याकडे जायचा आणि तो दोन पळ्या ओतायचा. "सिगारेट सोडलीय ना," असं स्वतःला समजवायचा. "मग एवढं चालतं."

एका सकाळी त्याने चकत्या सोडल्या आणि झारा खाली पडला. डावा हात दुसऱ्या हातात घट्ट धरून तो फळीला टेकला. जबडा आवळला होता. घामाने शर्ट भिजला. मग तो हळूहळू खाली सरकला आणि मला दिसेनासा झाला. माझ्यातल्या चकत्या तांबूस झाल्या, तपकिरी झाल्या, काळ्या झाल्या. मी धूर सोडण्याखेरीज काय करणार? तेवढा मात्र सोडला. जेवढा सोडता येईल तेवढा सोडला.

तो धूर अर्ध्या शटरखालून बाहेर गेला. कंडक्टर धावत आला. त्याने आरडाओरडा करून माणसं जमवली आणि मालकाला उचलून नेलं. शेगडी कुणीतरी जाता जाता बंद केली.

मग कितीतरी दिवस शटर उघडलं नाही. मी अंधारात बसून एकेकाला शिव्याशाप देत होते. त्याच्या उशाशी बायको असेल, हात धरून बसली असेल. मुलगी असेल. कुणीतरी नर्स त्याला औषध देत असेल. सगळ्या जगाला तो दिसत होता आणि मला तो जिवंत आहे की नाही एवढंही कळत नव्हतं.

शेवटी मायलेकी आल्या. बोलण्यावरून कळलं की तो आहे. हृदयाची एक वाट पुरती बुजली होती, ती उघडून आत जाळी बसवलीय. बाकीच्या वाटांतही थर आहेत. ते खरवडून काढता येत नाहीत. औषधं, चालणं, साधं जेवण, यांनी ते शांत ठेवायचे, एवढंच हातात आहे.

मुलीने माझं झाकण उचललं आणि नाक मुरडलं. "आई, हे तेल टाकायला सांगितलं होतं मी. इतके महिने झाले."

बाई डब्यावर बसली. "त्यांच्या शर्टाला वास यायचा हा. मला वाटलं, तळणाऱ्याच्या शर्टाला तळणाचाच येणार." थोड्या वेळाने ती म्हणाली, "तुला सांगू? लग्न माझ्याशी केलं आणि संसार हिच्याशी. उजाडलं की हिच्याकडे, दिवसभर हिच्यासमोर. घरी यायचे ते नुसते झोपायला. मला हिचा इतका राग यायचा, की हिची बाहेरची काजळी मी मुद्दाम जोरात घासायचे."

मी चाटच पडले. घासायची जोरात, ते माहीत होतं. पण जिच्या नावाने मी जन्मभर बोटं मोडली ती माझ्या नावाने मोडत होती!

"ओतू का आत्ताच?" मुलीने विचारलं.

"नको. आपण ओतलं तर ते परत भरतील. त्यांनीच ओतू दे."

तो आला तेव्हा मला ओळखूच येईना. शर्ट अंगात सैल, पावलं जपून टाकत. बाईने मला फळीवर ठेवलं आणि शेजारी डबा ठेवला.

"ओता."

"आबांचं तेल आहे गं."

"आबा कशाने गेले?"

"वय झालं होतं."

"तुमच्याहून लहान होते ते, गेले तेव्हा."

तो बाईकडे बघत राहिला. मनातल्या मनात वर्षं मोजत असावा, कारण त्याचे ओठ हलत होते. पहिला घाणा आबाही खायचे, आबांच्या आधी त्यांचे वडीलही खायचे. हे त्याला नव्याने कुणी सांगायची गरज नव्हती, फक्त आजवर त्याने ते एकापुढे एक मांडलं नव्हतं.

"आणि त्यांचे वडील?" बाईने हळूच विचारलं.

"दुकानातच," तो म्हणाला.

मग त्याने माझे दोन्ही कान धरले. बाईने खालून आधार दिला, कारण त्याला जड उचलायची मनाई होती. दोघांनी मिळून मला वाकवलं. तीन पिढ्यांचं तेल डब्यात पडलं, सावकाश, काकवीसारखं. शेवटचा थेंब निघेपर्यंत दोघं तसेच उभे राहिले. माझं बुड उघडं पडलं आणि या दुकानात आल्यापासून पहिल्यांदा मला आतून गार वारा लागला.

बाईला वाटलं, तो आता रडेल. तो रडला नाही. म्हणाला, "हिला भंगारात दे. दुकानात राहिली तर मी भरेन. मला माझा भरवसा नाही."

म्हणजे नटव्यांना डावलून ज्याने मला निवडलं त्यानेच मला टाकलं. वाईट वाटलं का? खूप वाटलं. अजून वाटतं. स्टीलवाली तिथे आहे आणि मी इथे, हे आठवलं की माझा नुसता जळफळाट होतो.

आता मी भंगारवाल्याच्या अंगणात आहे. एका मोडक्या कुलरवर पालथी. माझ्या पाठीवर गंज चढतोय आणि मला तो थांबवता येत नाही. लवकरच ट्रक येईल, भट्टीत नेईल, वितळवेल. त्याचं मला काही वाटत नाही. लोखंडाला पुन्हा काहीतरी होता येतं.

पण हा रस्ता त्यांच्या फिरण्याचा आहे. रोज संध्याकाळी दोघं इथून जातात. तो आता धापा टाकत नाही. ती कधी त्याच्या दंडाला धरते, कधी रागावून पुढे चालते आणि तो मागून काहीतरी बोलून तिला हसवतो. माझ्याकडे दोघांपैकी कुणी बघत नाही.

काल ती एकटीच दिसली. माझ्यात तेल नव्हतं, आच नव्हती, तरी मी आतून उकळले. ती फाटकाशी थांबली आणि मागे वळून बघू लागली. मग तो आला, मागे राहिलेला. कंडक्टरशी गप्पा मारत थांबला होता म्हणे.

"किती वेळ?" ती म्हणाली. "जीव टांगणीला लागतो माझा."

"आलो ना?" तो म्हणाला, आणि त्याने तिचा हात धरला.

इतका हेवा वाटला मला, इतका, की काय सांगू. भंगारवाल्या दादा, तुझा ट्रक जरा उशिरा येऊ दे. आणखी काही संध्याकाळी मला असाच हेवा वाटू दे. ही बाई इथून एकटीच जायला लागली, तर तिचा हेवा करायचं कारण उरणार नाही, आणि तो दिवस मला बघायचा नाही.